कापसाच्या बोळ्यावर विकलेलं लेकरू

त्या सिस्टर पोरीचे हात थरथर कापत होते. काचेच्या पलीकडे माझ्या नातवाची पेटी होती. पेटीच्या गोल झरोक्यांतून तिने दोन्ही हात आत घातले होते आणि ते कापताना मला बाहेरून दिसत होते. नातू केवढा, तर माझ्या पंजापेक्षा थोडा लांब. नाकात नळी, हाताला सुई, पायाला लाल उजेडाची वायर. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. दवाखान्यातलं मला काही कळत नाही. पण कापणारा हात मला कळतो, कारण आयुष्यभर मी हातानेच काम केलं आहे. देवावरचा विश्वास त्या घडीला कुठे गेला मला माहीत नाही. एवढंच वाटलं, की एवढ्या मोठ्या दवाखान्यात देवाला माझ्या लेकरासाठी हीच पोरगी सापडली काय.

आमचं गाव मेडशीच्या जवळ. सोयाबीन, तूर, थोडी कापसाची पऱ्हाटी, एवढं शेत. घरात मी, मुलगा शंकर आणि सून सविता. सविताचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं जन्मलं, एक दिवस राहिलं आणि गेलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा घरात कोणी मोकळेपणाने बोललंच नाही. सविता पोळ्या करता करता थांबायची, पोटावर हात ठेवायची, आत हालचाल लागली की पुन्हा लाटणं हातात घ्यायची. मी ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की हे लेकरू जन्मलं की लगेच विकायचं.

ज्यांना आमच्याकडची ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरातलं नवं लेकरू दुसऱ्या बाईला विकतात. तिने मूठभर कोंडा द्यायचा, लेकरू हातात घ्यायचं आणि माझं म्हणायचं. मग तीच बाई ते लेकरू सांभाळायला म्हणून पुन्हा आईच्या ओटीत घालते. घर तेच, आई तीच, दूधही तेच. पण लेकरू त्या घराचं राहत नाही. न्यायला येणारा त्या घरचं लेकरू शोधत येतो आणि त्याला ते सापडत नाही. माझ्या नवऱ्याला असंच विकलं होतं, म्हणून त्यांचं नाव कोंडबा. ते चांगले म्हातारे होऊन गेले. शिकलेली माणसं हसतात; हसू द्या. घेणारी बाई मात्र भरल्या घरची पाहिजे, जिची सगळी लेकरं जगली आहेत अशी. आमच्या शेजारच्या इंदूला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिची सगळी धडधाकट आहेत. तिने कोंडा चाळून डब्यात भरूनही ठेवला होता.

पण लेकरू आमच्या ठरवण्याप्रमाणे आलं नाही. सातव्या महिन्यात सविताचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं आणि एका सकाळी अंगणातच तिला आकडीचा झटका आला. गाडीत घालून वाशीमला नेलं. डॉक्टरांनी लगेच पोट उघडून लेकरू बाहेर काढलं. लेकरू एका खोलीत, आई दुसऱ्या वॉर्डात, तिला धड शुद्ध नाही. शंकर तिच्याजवळ बसला. मला काचेसमोरचा बाक मिळाला. मी तिथूनच इंदूला फोन लावला.

"इंदू, कोंडा हातात घे अन् घेतलं म्हन. लेकरू झालं."

"काय बोलता वो काकू! फोनवर कोनी गाय तरी इकत घेते काय? लेकरू हातात आल्याबिगर घेतलं कसं म्हनू?"

"मंग ये इकडं."

"येतो ना. पन मले आत जाऊ देतीन काय?"

देणार नव्हतेच. आत फक्त सिस्टर आणि डॉक्टर, आणि चालू-फिरू लागली तर आई. माझे हातही तिथे चालत नव्हते. त्या खोलीला बाहेरची एक माशी चालत नव्हती, तिथे इंदू आणि तिचा कोंडा कुठून चालणार? माझा सगळा बेत तिथेच फसला. माझ्या लेखी लेकरू अजून आमच्याच घरचं होतं, आमच्याच नावावर होतं, आणि न्यायला येणाऱ्याला आमच्या घराची वाट दोनदा येऊन पाठ झालेली होती.

बाकावर माझ्या शेजारी मंगरूळपीरकडची एक म्हातारी बसायची, जुबेदाबी. तिच्या मुलीचं लेकरू आत होतं, आमच्या पेटीला लागून असलेल्या पेटीत. दोघी मिळून आम्ही दिवसभर काच बघायचो. आत सारखं काही ना काही वाजायचं. प्रत्येक पेटीजवळ एक मशीन, आणि ते टीं टीं करायला लागलं की आमच्या दोघींचा श्वास थांबायचा. जुन्या सिस्टर मान वर करून बघायच्या, बटण दाबायच्या आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायच्या. ही कापऱ्या हातांची पोरगी मात्र प्रत्येक टीं टींला धावायची. कुणाचीही पेटी वाजो, ही तिथे हजर. लेकराच्या तोंडाकडे बघायची, छातीकडे बघायची, पायाची वायर नीट करायची, मग कुठे बटण दाबायची.

"ये लडकी है के हिरनी?" जुबेदाबी म्हणाली.

मला हसू आलं नाही. ज्याला काम येतं तो धावत नाही, असं माझं मत. तिथली मोठी सिस्टर, सगळ्या तिला इन्चार्ज म्हणत, ती बोलायला तिखट पण कामाला वाघीण. दार उघडलं की तिचं बोलणं बाहेर ऐकू यायचं. "अवो माय, लेकरू पाय हालवते, वायर सरकते अन् मशीन वाजते. दर खेपी धावशीन तं सांजेपावतर तुलेच पेटीत ठेवा लागीन आमाले!" आतल्या सगळ्या हसल्या. ती पोरगीही मान खाली घालून हसली. पुढची टीं टीं झाली आणि ती पुन्हा धावली.

विकण्याचं मी जुबेदाबीजवळ बोलले. तिच्याकडेही असं काही काही करतात. तिने आपल्या नातवासाठी दर्ग्यातून धागा आणला होता, पण तोही आत नेता येत नव्हता, म्हणून तिने स्वतःच्याच मनगटाला बांधून ठेवला होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बच्चे को हात किसका लगता? उसी लडकी का ना? तो उसकोच बेच."

"कुवारी पोर हाय ते. तिले लेकरं कुठी? घेनारीची समदी जगेल पाह्यजे."

"तो उसका मरा भी तो नहीं ना कोई," जुबेदाबी म्हणाली.

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच होतं ते. जिला लेकरूच नाही तिचं गेलंही नाही. मला ती पोरगी पसंत नव्हती, तिचे हात पसंत नव्हते, पण दुसरा हात तरी कुठे होता? मी उठून तिला शोधायला गेले.

ती जिन्याजवळ पाण्याच्या मशीनपाशी उभी होती. तोंडावरची पट्टी खाली ओढलेली, गाल ओले. मला बघून तिने घाईने तोंड पुसलं. "आजी, बरं हाय तुमचं लेकरू. आत्ताच पाहून आली."

"ते नाई इचारत मी. तू इकत घेतं काय त्याले?"

दुसरी कोणी असती तर मला वेड लागलं म्हणाली असती. हिला समजावून सांगावं लागलं नाही. मंगरूळपीरच्या बाजूचीच पोरगी, बाप वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावून बाजारात नेणारा. म्हणाली, "माह्या भावालेबी इकलं होतं, आजी. आमी कोंडूच म्हनतो त्याले." आणि मग तिचा चेहरा उतरला. "पन मले नका देऊ. नोकरीले लागून हप्ता नाई झाला मले. काल माह्या हातात एक लेकरू गेलं. मोठ्या सिस्टर म्हनल्या तुही चूक नोती, ते जगनारंच नोतं. पन हात तं माह्येच होते ना."

मी दोन पावलं मागे सरले. खोटं कशाला लिहू, तिची दया वगैरे मला आली नाही. जिच्या हातात कालच एक गेलं तिच्याच हातात मी माझं द्यायला निघाले होते. मी परत येऊन बाकावर बसले. जुबेदाबीला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. मी त्या दिवशी वाशीमच्या बालाजीला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्याकडे मागत आले आहे. माझा नवरा, माझं पोर, माझी सून, माझं शेत. त्यातलं काही त्याने दिलं, काही दिलं नाही, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. पण आता म्हटलं, देवा, माणूस बुडताना तू काठी देतोस आणि तीही मोडकी देतोस.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ड्यूटी बदलण्याची वेळ झाली. सिस्टर एकेक करून बाहेर पडत होत्या. ती पोरगी बाहेर आली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिची एक मूठ बंद होती.

"आजी, कोंडा नाई अथी. कापूस चालते काय?"

तिने मूठ उघडली. पांढऱ्या कापसाचा एक बोळा होता. ती म्हणाली, "मी उद्यापासून येनारच नोती. बाबाले फोन करून सांगतलं होतं, मले घ्यायले या म्हनून. पन मंग तुमी इचारलं. घेतलं तं मले उद्या या लागीन ना. आपलं लेकरू सोडून कोनी घरी बसते काय?"

रीतीप्रमाणे बघितलं तर सगळंच चुकत होतं. कोंडा नाही, भरल्या घरची बाई नाही, आणि वर हाताला कालचा डाग. नाही म्हणावं असंच माझ्या तोंडात होतं. पण माझा हात पुढे गेला. का गेला ते मला आजही सांगता येत नाही. मी तो कापूस घेतला. जन्मभर मी कापूस वेचला आहे, पण असा कापूस मी पाहिला नव्हता. सरकी नाही, पानाचा चुरा नाही, वासही नाही. धरला तर हातात काही आहे असं वाटतच नव्हतं.

ती परत आत गेली. कोपरापर्यंत हात धुतले, पेटीचे झरोके उघडले आणि एक हात लेकराच्या डोक्याखाली, एक पायांखाली असा ठेवून उभी राहिली. पट्टीआड तिचे ओठ हलले. मग तिने काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. व्यवहार झाला. जुबेदाबी बाजूला उभी होती, ती म्हणाली, "मुबारक हो. बिक गया." मी तो बोळा कमरेच्या पिशवीत ठेवला. शंकर आला तेव्हा त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, तू बी ना. डॉक्टरले सांगू काय लेकराची आई बदलली म्हनून?" किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी आली. दुपारची वेळ. व्हरांड्यात पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. आत एकाएकी गडबड झाली. जुबेदाबीच्या नातवाच्या पेटीजवळ इन्चार्ज धावली, मागून डॉक्टर, मागून आणखी एक सिस्टर. काचेतून आम्हाला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. जुबेदाबीने माझं मनगट धरलं. तिची नखं मला रुतत होती, पण मी हात सोडवला नाही. ती पोरगीही त्या घोळक्यात होती. डॉक्टर मागतील ते ट्रेमधून काढून देत होती. सगळ्या खोलीचं लक्ष त्या एका पेटीवर होतं.

तेवढ्यात आमच्या पेटीचं मशीन वाजायला लागलं. रोज वाजायचं तसंच. टीं टीं, टीं टीं. त्याचा आवाज काही वेगळा नव्हता, हे मी नक्की सांगू शकते, कारण तो आवाज माझ्या डोक्यात बसलेला होता. लेकराने पाय हलवला, वायर सरकली, असंच मलाही वाटलं. आत त्या घोळक्यातल्या कोणी मान वळवली नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या हातात एक जीव होता. पण ती पोरगी वळली. हातातला ट्रे तिने जवळच्या टेबलावर ठेवला आणि ती धावली. तिने वायरला हात लावलाच नाही. तिने लेकराच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत जे झालं ते बघून मी उभी राहिले.

लेकरू निळं पडलं होतं. छाती हलत नव्हती. तिने त्याच्या तळपायाला टिचकी मारली, पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली. तिने मोठ्याने हाक मारली आणि हाक मारता मारताच लहानशा फुग्यासारखं काहीतरी उचललं, लेकराच्या नाकातोंडावर धरलं आणि दाबायला लागली. मला इकडून तिची बोटं दिसत होती. ती कापत होती. कालच्यासारखीच कापत होती. पण थांबत नव्हती.

मी डोळे मिटले. लाज सांगायची तर मला तेवढंच येतं. तोंडातून सवयीने निघालं, "देवा, माह्या नातवाले..." आणि तिथेच मी अडकले. माझा नातू कुठला? मी तर तो विकला होता. काल, या बाकाजवळ, स्वतःच्या हाताने किंमत घेऊन. कमरेला ती किंमत होती. रीत खरी मानायची तर आता मला त्याच्यासाठी काही मागायचा हक्क नव्हता, आणि रीत खोटी मानायची तर मग काल मी देवासमोर काय खेळ केला होता? मी चाचपडले. आयुष्यभर मी देवासमोर "माझं" म्हणून उभी राहिले होते. तो एक शब्द काढून घेतला तर मला प्रार्थनाच येत नाही, हे मला त्या व्हरांड्यात कळलं.

मग मी म्हटलं, "देवा, ते लेकरू त्या पोरीचं हाय. तिचे हात सांभाळ." एवढंच. दुसरं मला सुचलं नाही. आणि ते म्हटल्यावर अंगातलं काहीतरी खाली बसलं. भीती गेली असं नाही, भीती होतीच. पण मी जे इतके दिवस दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं ते आता मी धरलेलं नव्हतं. जे माझंच नाही ते जाईल म्हणून मी किती रडणार, आणि राहील म्हणून किती भांडणार? काचेच्या पलीकडची सगळीच लेकरं मला एकसारखी दिसायला लागली. जुबेदाबीचं आणि हे, दोन्ही कोणाचीतरी, आणि दोन्ही देवाची. म्हणून मी म्हटलं, "अन् तिकडच्याले बी पाह्य." जुबेदाबी तिच्या देवाला काहीतरी म्हणत होती. तिने आमच्या पेटीसाठीही काही म्हटलं की नाही मी विचारलं नाही.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टर आमच्या पेटीजवळ पोचले होते. त्यांनी त्या पोरीला बाजूला केलं नाही. ती दाबत राहिली, ते काही सांगत, नळीने छाती तपासत राहिले. मग मला लेकराचा एक पाय हलताना दिसला. वायर सरकली. मशीन पुन्हा वाजायला लागलं आणि या खेपेला आतल्या दोघी-तिघी त्या आवाजाला हसल्या. निळेपणा हळूहळू ओसरत गेला, आभाळाचा रंग बदलतो तसा, कुठून बदलला ते सांगता येऊ नये असा. शेजारच्या पेटीभोवतीची गर्दीही सैल झाली. जुबेदाबीने माझं मनगट सोडलं. मी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. पिशवीतला कापूस मी कधी काढला होता मला ठाऊक नाही. त्याची वळून वळून एक लांब वात झाली होती. देवापुढे बसून वाती वळायची बोटांना सवय, त्यांनी आपलं काम करून टाकलं होतं.

इन्चार्ज सिस्टर नंतर बाहेर आली आणि मला म्हणाली, "एवढुल्या लेकराईचा श्वास असा मधातच थांबते, आजी. येळेवर दिसलं म्हनून." मग दारातूनच आत वळून त्या पोरीला म्हणाली, "अवो हिरनी, धावतच जाय तू. पुढं आपोआप सुटते धावनं. नको सुटू देऊ." हिरणी हे नाव आत कोणी नेलं मला माहीत नाही. जुबेदाबी छताकडे बघत होती.

काळजी तिथेच संपली नाही. त्यानंतरही वाईट दिवस आले, कावीळ झाली, दूध पचेना. पण मी मागायला गेले नाही. सकाळी काचेसमोर उभी राहायची, त्या पोरीचे हात बघायची आणि "सांभाळ" म्हणायची. हळूहळू तिचे हात कापायचे थांबले. कोणत्या दिवशी थांबले ते तिलाही कळलं नसेल. सविता बरी झाली, भिंत धरून चालायला लागली, आत जाऊन लेकराला छातीशी धरायला लागली. जुबेदाबीचा नातू आमच्या आधी घरी गेला. जाताना तिने आपल्या मनगटाचा धागा सोडून त्याच्या दुपट्याला बांधला.

आमची सुट्टी झाली त्या दिवशी ती पोरगी लेकराला दुपट्यात गुंडाळून दारापर्यंत घेऊन आली. मी सविताला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती चिडेल. दोन लेकरं गमावलेल्या आईला तिसरं विकलं म्हणून सांगणं सोपं नाही. ती चिडली नव्हती. आता ती समोर उभी होती, हात पुढे करायचे की नाही अशी. ती पोरगीही थांबली. मला हळूच म्हणाली, "आजी, इकत घेतलेलं वापस कसं द्याचं असते? आईले इचाराचंच राह्यलं."

"वापस नाई द्याचं," मी म्हटलं. "सांभाळाले द्याचं."

सविताने पदर पसरून ओटी पुढे केली. ती पोरगी वाकली, लेकरू ओटीत ठेवलं आणि म्हणाली, "ताई, माह्यं लेकरू हाय. सांभाळा."

"सांभाळतो, बाई," सविता म्हणाली. "तुमचंच हाय." आणि त्या दवाखान्यात पाय ठेवल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

घरी आल्यावर ती वात मी देवापुढे लावली. किंमत होती, ठेवून द्यावी असंही मनात आलं होतं. पण कापूस ठेवून काय करायचा, तो जळायलाच असतो. इंदूने आपला कोंडा म्हशीला घातला आणि वर मला ऐकवलं, की तिचं लेकरू मी परस्पर दुसरीला विकलं. लेकराचं नाव पत्रिकेप्रमाणे काहीतरी छान ठेवलं आहे, पण आम्ही त्याला बोंडू म्हणतो, कापसाच्या बोंडावरून. आता तो अंगणभर पळतो, कोंबड्यांच्या मागे धावतो आणि पडला की आधी सगळीकडे बघून मग रडतो. ती पोरगी अजून त्याच खोलीत काम करते. दिवाळीत एकदा बापाच्या मळ्यातली वांगी घेऊन आली होती. बोंडू तिच्या कडेवरून उतरायला तयार नव्हता.

त्या दुपारी देवाने काय केलं, ते मला माहीत नाही. त्या पोरीने काय केलं, ते मी पाहिलं. मी "माझं" हा एक शब्द सोडला, एवढंच. बस स्टँडवर ओळखीची बाई भेटली आणि "नातू केवढा झाला वो तुमचा?" असं विचारलं, की मी सांगते, माझा नाही, मंगरूळपीरच्या पोरीचा आहे. माझ्याकडे सांभाळायला दिला आहे. बाया हसतात. मी हसत नाही. देवाने शंकरही असाच सांभाळायला दिला होता, त्याचे वडीलही, शेतही. मला उगाच माझं वाटलं. दिलं, आणि इतके दिवस सांभाळू दिलं, यासाठी त्याच्यापुढे रोज हात जोडते. मागत काही नाही.